जाई थांबते तेव्हा

माझी कुत्री जाई थांबली तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मिसूला शहराच्या पूर्वेला गार्नेट नावाची पर्वतरांग आहे. तिची एक लांबलचक सोंड दोन तास चढून आम्ही धारेवर पोहोचलो होतो. मानेवरून घाम ओघळत होता, आणि डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या सावलीत बसून दोघींनी पाणी प्यावं एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. जाई माझ्यापुढे वीसेक पावलांवर होती. चालता चालता तिची मान उजवीकडे वळली आणि ती तिथल्या तिथे गोठली. पुढचा एक पाय उचललेला, तोकडी शेपटी ताठ, नाक उघड्या उताराकडे.

उघड्या उताराकडे! तिथे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. वाळलेल्या गवताचे झुपके, मधून मधून खडक आणि पावलागणिक उडणारे नाकतोडे. आम्ही ज्याच्या शिकारीला निघालो होतो तो ग्राऊस हा रानकोंबडीसारखा, जंगलातला पक्षी, असं मी महिनोन् महिने वाचत आले होते. तरीही बंदूक सावरून मी जाईच्या बाजूने पुढे गेले. दहा पावलं इकडे, दहा तिकडे. गवतातून पाय फिरवला. काहीच नाही. मग मी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, काडतुसं काढली, ती खांद्यावर टाकली आणि म्हटलं, "चल जाई, काही नाहीये तिथे."

ती हलली नाही. मी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चढ्या आवाजात. तरीही नाही. शेवटी मी तिच्या गळपट्ट्याला हात घालून तिला वळवलं. ती आली, पण येताना दोनदा मागे पाहिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आम्ही त्याच उताराने खाली निघालो, कारण गाडी त्या बाजूला होती. जाई जिथे थांबली होती तिथून चाळीसेक पावलं खाली माझ्या पायापासून हातभर अंतरावर गवत फुटलं आणि एक मोठा राखाडी पक्षी पंखांचा फडफडाट करत उठला. पाठोपाठ दोन. मग तीन. सहाच्या सहा पक्षी पंख ताणून दरीत तरंगत गेले आणि पलीकडच्या झाडीत शिरले. माझी बंदूक अजून खांद्यावर होती, रिकामी.

जाईने पक्ष्यांच्या दिशेने दोन उड्या मारल्या, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. कुत्र्याच्या डोळ्यांत माणसाने किती वाचावं याला मर्यादा असते, म्हणून तिला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. मला काय वाटलं ते लिहिते. ती खरं सांगत होती आणि मी तिला खोटं पाडलं होतं.

जाई ब्रिटनी जातीची आहे. पांढऱ्या अंगावर नारिंगी डाग, वजन सोळा किलो, आणि त्या सप्टेंबरात वय सोळा महिने. ही जात मूळची फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली. अमेरिकेत पूर्वी तिच्या नावापुढे 'स्पॅनियल' लावत. १९८२ साली अमेरिकन केनेल क्लबने तो शब्द काढून टाकला, आणि ते योग्यच झालं. स्पॅनियल पक्षी शोधून उठवतो. ब्रिटनी पक्षी शोधून थांबते. या थांबण्याला इकडे 'पॉइंट' म्हणतात. झडप घालण्याआधी शिकारी जनावर क्षणभर श्वास रोखून उभं राहतं. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करत करत तो एक क्षण ताणून मिनिटाएवढा लांब केला. जाई पिल्लू असताना परसात फुलपाखरासमोर अशी उभी राहिली, तेव्हा तिला कुणीही काही शिकवलेलं नव्हतं.

शिकवायचं ते वेगळंच होतं. 'थांब', 'ये' आणि 'सोड' हे तीन शब्द मी तिला मराठीतच शिकवले. 'थांब' सगळ्यात आधी, जेवणाच्या भांड्यासमोर, दारात, गाडीतून उतरताना. बंदुकीच्या आवाजाची सवय त्याहून हळू. पहिल्यांदा तिचं जेवण चालू असताना दुसऱ्या खोलीत पातेल्यावर डाव. मग मैदानात ती कबुतरामागे धावत असताना शंभर पावलांवरून मैत्रिणीने झाडलेलं खोटं काडतूस. मग ऐंशी पावलं, मग साठ. तिचे कान जरा जरी मागे गेले तरी त्या दिवशीचा सराव बंद. बंदुकीला घाबरणारं कुत्रं बहुतेक वेळा तसं जन्माला येत नाही. माणसाच्या घाईतून ते तसं होतं, आणि एकदा बसलेली भीती काढणं फार अवघड. संपूर्ण उन्हाळा मी यासाठी दिला आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

मी स्वतः शिकले ते त्याआधीच्या वर्षी. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या कुणालाही मोंटानात शिकारीचा परवाना घ्यायचा तर शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं. माझा जन्म १९८६चा. मोठ्या माणसांना हा अभ्यास घरी बसून करता येतो, पण मी मुद्दाम वर्गात गेले आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसले. त्या मुलांना कुंपण ओलांडताना बंदूक कशी आणि कुठे ठेवायची हे तोंडपाठ होतं. आपल्याला दिसणाऱ्या लक्ष्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय घोड्यावर बोट न्यायचं नाही, हे मी त्यांच्याबरोबर दहादा म्हटलं.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या माझ्या पिढीला शिकार ठाऊक आहे ती जुन्या फोटोंतून: मेलेल्या वाघाशेजारी बूट रोवून उभा राहिलेला कुणी तरी. त्या फोटोंचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. तो कायदा हवाच होता. इकडे हंगाम ठरलेला, परवाना ठरलेला, दिवसाला किती पक्षी तेही ठरलेलं. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांच्यावर ११ टक्के कर आहे, आणि १९३७च्या एका केंद्रीय कायद्यामुळे तो पैसा राज्यांकडे वन्यजीव आणि त्यांचा अधिवास यांच्यासाठी जातो. हे सगळं मला पटतं, पण माझ्या हातात बंदूक यायला ते कारणीभूत नाही. कायदा परवानगी देतो, कारण आपलं आपल्याला शोधावं लागतं. माझं कारण असं, की एका शरद ऋतूत सहकारी मैत्रिणीबरोबर मी रिकाम्या हाताने जंगलात गेले आणि तिचं कुत्रं ओढ्याकाठी पॉइंटवर उभं राहिलेलं पाहिलं. जन्मभर कोंबडी खाल्ली, पण कधी कुणा पक्ष्यासाठी मी इतकी सावध उभी राहिले नव्हते. माझं जेवण आणि माझं लक्ष यांची गाठ त्या दिवशी पहिल्यांदा पडली.

शिकागोच्या सपाटीवर नऊ वर्षं काढून आम्ही मिसूलाला आलो होतो. नवऱ्याची नोकरी इकडे लागली. डोंगर मला नवे नव्हते, पण हे डोंगर नवे होते. सोंड, धार, घळ, खिंड ही माझ्या ओळखीची नावं मी त्यांना देऊन पाहिली. आकाराला ती चपखल बसली, आत काय आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुठल्या उतारावर दव उशिरापर्यंत टिकतं, कुठल्या घळीत सप्टेंबरातही पाणी असतं, बर्फ आधी कुठे पडतो, काहीच माहीत नाही.

शिवाय जमीन कुणाची हा प्रश्न. १८६४ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला रूळ टाकण्यासाठी सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैल एकाआड एक असे बहाल केले. त्या वाटणीचे व्रण गार्नेट रांगेच्या नकाशावर अजून दिसतात: एक चौकोन सार्वजनिक, शेजारचा खासगी, बुद्धिबळाच्या पटासारखे. मोंटानात खासगी जमिनीवर शिकार करायची तर पाटी असो वा नसो, मालकाची परवानगी हवीच. कुंपणाच्या खांबावर भडक नारिंगी रंग दिसला की तिथून परत फिरायचं. पहिले काही दिवस मी जाईपेक्षा फोनमधल्या नकाशाकडेच जास्त पाहत होते. जमिनीची हद्द पाळायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण पुढे मी नकाशात पक्षीही शोधू लागले, तिथे माझं चुकलं.

नियमपुस्तिकेत 'पर्वतीय ग्राऊस' या एकाच मथळ्याखाली तीन पक्षी येतात. पहिला रफ्ड ग्राऊस. हा ओढ्याकाठचा, ऑल्डर, हॉथॉर्न आणि अ‍ॅस्पेन या झाडांच्या दाटीतला. वसंतात नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी ढोल वाजवतो. पंख कशावरच आपटत नाहीत, नुसत्या हवेतून तो नाद निघतो, इतका खालच्या पट्टीतला की कानापेक्षा छातीत जाणवतो. शरदातही अधूनमधून ऐकू येतो. हंगामाच्या पहिल्याच दिवशी, १ सप्टेंबरला, धुरकट पहाटे मी तो ऐकला आणि आधी वाटलं माझंच काळीज धडधडतंय. हा पक्षी उठतो तो झाडाच्या आडोशानेच. दिसेपर्यंत गेलेला असतो. दुसरा स्प्रूस ग्राऊस, उंचावरच्या दाट सूचिपर्णी रानातला. माणसाला बुजत नाही. फांदीवर बसून आपल्याकडे पाहत राहतो. त्याच्यावर बंदूक उचलणं मला जमलं नाही, आणि ते जमावं असंही वाटलं नाही.

तिसरा डस्की ग्राऊस. माझं मन याच्यावर बसलं. २००६ पर्यंत हा आणि पॅसिफिक किनाऱ्याकडचा सूटी ग्राऊस मिळून 'ब्लू ग्राऊस' ही एकच जात धरत. मग पक्षीतज्ज्ञांनी दोन वेगळ्या केल्या. मोठा नर सव्वा किलोपर्यंत भरतो. याचं स्थलांतर उलटं असतं. हिवाळा आला की एल्क, म्हणजे इकडची सांबरासारखी मोठी हरणं, खाली उतरतात, लहान हरणं खाली उतरतात, माणसंही खोऱ्यात गोळा होतात. हा पक्षी मात्र वर चढतो, बराचसा पायीच. वसंतात खालच्या गवताळ उतारांवर पिल्लं वाढवायची, नाकतोडे आणि बेरी खायच्या, आणि थंडी पडली की धारेवरच्या फरच्या झाडांत जाऊन सुयांसारखी पानं खात हिवाळा काढायचा. फरच्या पानांवर! हे वाचल्यापासून प्रत्येक झाडाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. पण सप्टेंबरात तो अजून गवतात असतो, नाकतोड्यांच्या मागे, हे वाक्य माझ्या नजरेखालून गेलं होतं आणि मनात उतरलं नव्हतं. जाईने ते मला त्या उतारावर दाखवलं होतं.

शेजारी एक आजोबा राहतात. चाळीस वर्षं पॉइंटर जातीचे शिकारी कुत्रे पाळले, आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. संध्याकाळी कुंपणापाशी मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. किती वाजले होते, एवढंच त्यांनी विचारलं.

"अकरा."

"ऊन होतं?"

"चांगलंच."

"मग सोपं आहे," ते म्हणाले. "थंड हवा जड. रात्रभर ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. ऊन तापलं की उलटी फिरते, खालून वर. तुझी कुत्री धारेवर उभी होती, म्हणजे खालचा अख्खा उतार तिच्या नाकात येत होता. कुत्री जिथे बघते तिथे लगेच पक्षी असतो असं नाही. तिथून वास येत असतो. पक्षी कुठे आहे ते तू चालत जाऊन शोधायचं."

"मी दहा पावलं गेले होते."

"साठ जा. आणि तिच्या पाठीमागून जाऊ नकोस, तिला ढकलल्यासारखं होतं. बाजूने जा. तिला दिसत राहा."

त्या एका संभाषणाने माझे दिवस बदलले. सकाळी चढायचं, कारण हवा वरून येते आणि जाईच्या तोंडावर लागते. ऊन तापल्यावर उतरायचं, कारण तेव्हा ती खालून येते. उतार आडवा चालताना वारा कुठल्या गालाला लागतोय ते पाहायचं. खिशात मी चिमूटभर पिसं ठेवू लागले. एक सोडायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं.

मग जाईची पाळी आली. तिलाही बरंच शिकायचं होतं. पाळीव कबुतर पिंजऱ्यातून सुटेपर्यंत जागचं हलत नाही, रानातला पक्षी तेवढी सवड देत नाही. वास आल्यावर दोन पावलं जास्त टाकली की तो उठलाच. पहिल्या तीन आठवड्यांत तिने असे नऊ पक्षी उठवले. त्यांतले दोन तर अगदी माझ्या समोरून, सहज टप्प्यातून गेले. मी गोळी झाडली नाही. तरुण कुत्र्याबरोबरचा हा एक नियम मी कधीच मोडला नाही. तिने धावून उठवलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही. टाकला तर ती शिकते की धावल्याने पक्षी मिळतो. न टाकता मी नुसतं 'थांब' म्हणून उभी राहायचे. ती धापा टाकत परत यायची. सप्टेंबर संपता संपता, ओढ्याकाठच्या एका स्नोबेरीच्या जाळीत, तिने वास घेतल्यावर उचललेलं पाऊल परत मागे ठेवलेलं मी पाहिलं. पक्षी दाटीतून निघून गेला, मला दिसलाही नाही. तरी मी खाली बसून तिच्या मानेत तोंड खुपसलं.

जाईच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट, माझ्याही. सप्टेंबरात धनुष्यवाले एल्कमागे असतात, ऑक्टोबरअखेरपासून रायफलवाले. कमरेला अस्वलासाठीचा फवारा, कारण या रांगेत ग्रिझली अस्वलं येऊ शकतात. पिशवीत जाईच्या वाटचं दोन लिटर पाणी, पंजाला बांधायची पट्टी आणि पक्कड. पक्कड साळिंदरासाठी. इकडच्या साळिंदराच्या काट्यांना उलटे कुसळ असतात, ते आत आत शिरत जातात. गवताची कुसळंही तशीच. रोज घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान, पापण्या तपासून झाल्याशिवाय मी बूट काढत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर लार्चची झाडं सोनेरी झाली. सूचिपर्णी असूनही हे झाड पानं गाळतं, त्याआधी पंधरा दिवस डोंगरात जणू दिवे लागतात. त्या दिवशी दुपारी आम्ही धारेवरून उतरत होतो. जाई थांबली. समोर पुन्हा तसाच उघडा उतार, खालच्या टोकाला फरची चार झाडं. मी तिला वळसा घालून बाजूने निघाले. वीस पावलं. तीस. मनात तोच जुना आवाज, की इथे काही नाही. मागे पाहिलं. ती तशीच. चाळीस. पन्नास. आणि पहिल्या झाडाच्या बुंध्यातून तो उठला.

मी बंदूक खांद्याला लावली ते मला आठवत नाही. पक्षी पडला ते आठवतं. जाई गेली, तिने त्याला शोधलं, तोंडात धरलं आणि अर्ध्या वाटेत येऊन बसली. मी "ये" म्हटलं, मग "सोड". तिने सोडला.

तो अजून गरम होता. राखाडी पिसांवर बारीक, शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या रेघा, डोळ्यावर पिवळसर कातडीची कमान, पायांवर बोटांपर्यंत उतरलेली पिसं. माझे हात थरथरत होते. मी त्याला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. दुःख होतं, आणि त्याच्याइतकीच कृतज्ञता. त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं मला करता आलं नाही, आजही येत नाही. घरी त्याच्या गळ्याखालची अन्नपिशवी उघडली. पांढरी स्नोबेरी, थोडी हिरवी पानं, एक नाकतोडा आणि फरच्या पाच-सहा सुया. म्हणजे त्याचा हिवाळा सुरू झाला होता आणि तो वर निघाला होता. मी त्या सुया चुरगळल्या. बोटांना डोंगराचा वास आला. नवऱ्याने लोण्यात, मीठ-मिरी लावून मांस भाजलं. जेवताना आम्ही फार बोललो नाही.

त्यानंतर दीड महिना एकही पक्षी मिळाला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. जाई पक्की होत होती. मी चालायला शिकत होते. एल्कच्या रायफलींचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारी संपतो, मग डोंगर शांत होतो. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच पहिल्या सोंडेवर गेलो. वाऱ्याने धार झाडून काढली होती, आडोशाला बर्फ घोट्यापर्यंत. सप्टेंबरात जिथे नाकतोडे उडत होते तिथे काहीही हलत नव्हतं.

माथ्याजवळ म्हाताऱ्या डग्लस फरचा एक झुबका आहे. त्याच्या अलीकडे तीस पावलांवर जाई थांबली. पण या वेळी नाक खाली नव्हतं, वर होतं, फांद्यांकडे. असा पॉइंट मी तिचा कधी पाहिला नव्हता. झाडाखाली बर्फावर हिरव्या सुयांचे तुकडे पडले होते. मी बाजूने निघाले, तिला दिसत राहील अशी. झाडापाशी पोहोचले. वर पाहिलं. नुसत्या काळ्या फांद्या. उभी राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं.

फांदीवरचा बर्फ सांडला आणि पक्षी झाडाच्या पलीकडून दरीत झेपावला. मधे खोड होतं. मी बंदूक अर्ध्यावर आणली आणि खाली घेतली. पंखांचा आवाज दूर गेला. पांढऱ्या उतारावर एक करडा ठिपका, मग तोही नाही. संपलं असं वाटून माझा अंगठा बंदूक मोडायच्या खिटीवर गेला.

मी मागे पाहिलं. जाई अजून उभी होती. उडालेल्या पक्ष्याकडे तिने मान वळवली नव्हती. नाक त्याच झाडाकडे, एक पंजा बर्फापासून इंचभर वर, पाठीवर भुरभुरणारं बर्फ.

मी अंगठा खिटीवरून काढला, झाडाकडे तोंड केलं आणि थांबले.